मंदीत म्हापशात घर घेताना

२०२० च्या पावसाळ्यात आम्ही म्हापशात घर शोधायला लागलो, तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाला घरांच्या दरांविषयी ठाम मत होतं. शेजारच्या काकी म्हणायच्या, "राव गो, दर देंवतले," म्हणजे थांब गं, दर उतरतील. पुण्याची नणंद फोनवर उलटं सांगायची, आत्ताच घ्या, सरकारनं स्टँप ड्युटी कमी केलीय. ती सवलत महाराष्ट्राची होती. तिथे सप्टेंबरपासून तीन टक्के कमी झाले होते. गोव्यातल्या दस्ताला त्याचा काही उपयोग नव्हता. शाळेतला एक सहकारी म्हणायचा, मोपाचा नवा विमानतळ होईपर्यंत थांबलात तर पेडणे-बार्देशमध्ये तुम्हाला पाय ठेवायला जागा मिळणार नाही. दलालाचं मत तर विचारायलाच नको, त्याचा फोन रोज यायचा.

या सगळ्यांत मला सर्वांत उपयोगी पडलं ते साखळी गावात राहणाऱ्या मामाचं बोलणं. मामाचे दोन ट्रक खनिज वाहतुकीत होते, दोन्ही कर्जावर घेतलेले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, ती एप्रिल २०१४ पर्यंत टिकली. नंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं बंद. पहिल्या बंदीत मामानं ट्रकचं कर्ज फेडायला डिचोलीजवळचा एक प्लॉट विकायला काढला. तो म्हणाला, "बाय, दर पडूंक ना, गिरायक ना जालें." आजूबाजूचे सगळे मालक जुनाच आकडा सांगत राहिले, कारण कमी आकड्याला विकणं कोणालाच पटत नव्हतं, आणि त्या आकड्याला घेणारा मात्र कोणी येत नव्हता. ज्याला बँकेचा तगादा होता, तो गुपचूप कमी पैशात विकून मोकळा झाला, आणि तो आकडा चारचौघांत कधी आलाच नाही. मामाही त्यांतलाच.

पुढे वर्षभर आम्ही जे पाहिलं, ते समजायला मला हे एवढं पुरलं. मंदीत दर किती पडला हे विचारून काही कळत नाही. विकणारा कोण आहे आणि त्याला विकायची किती निकड आहे, हे विचारावं लागतं.

आमची परिस्थिती सांगते. मी अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. नवऱ्याची टूरिस्ट टॅक्सी. पर्यटनाचा हंगाम २०१९ पासूनच मंद होता. सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधली एक मोठी पर्यटन कंपनी बुडाली आणि तिची चार्टर विमानं आलीच नाहीत. मार्च २०२० नंतर तर टॅक्सी अंगणातच उभी. हॉटेलं २ जुलैपासून उघडायला परवानगी मिळाली आणि १ सप्टेंबरपासून सीमा खुल्या झाल्या, पण विमानतळावर उतरणारी माणसं आधी फारच थोडी होती. आम्ही बरीच वर्षं म्हापशात भाड्यानं राहत होतो. पेडण्याचं वडिलोपार्जित घर चुलत्यांसह सगळ्यांचं, त्यातून शाळेला रोज येणं-जाणं कठीण. घरमालकानं फ्लॅट मुलासाठी हवा म्हणून सांगितलं, आणि दुसरं भाड्याचं घर शोधता शोधता आम्ही विकत घेण्याच्या गोष्टी बोलू लागलो.

भाड्याच्या बाजारात त्या काळात एक वेगळीच गोष्ट दिसली. एरवी पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं दिले जाणारे फ्लॅट मे-जूनमध्ये महिन्याच्या भाड्यावर आले. कळंगुट, कांदोळी, हणजूण, जिथे आमच्यासारख्यांना कोणी दारात उभं करत नसे, तिथले मालक स्वतः फोन करू लागले. मला वाटलं, आता घरांचे दरही असेच उतरतील. पण दिवाळीनंतर मुंबई, दिल्ली, बंगळुरूची घरून काम करणारी मंडळी महिन्यामहिन्यांसाठी येऊन राहू लागली, आणि तेच मालक फोन उचलेनात. आसगाव, शिवोलीला तर भाडं पूर्वीपेक्षा वर गेलं. म्हणजे गोव्यातल्या माणसाची मिळकत थांबली होती आणि गोव्यातलं घर महाग होत होतं, एकाच वेळी.

हे अन्यायाचं आहे, आणि ते मला आजही टोचतं. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण दर पाचातलं एक घर बंद आढळलं होतं. आमच्या गल्लीतच चार मजली इमारतीत संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवा लागतो. कोणी आखातात, कोणी लंडनकडे, कोणी मुंबईत बसून केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेलं. या मालकांवर कर्ज नाही, घाई नाही. मंदी आली काय, गेली काय, ते कुलूप लावून बसू शकतात. राज्य जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात निम्म्याहून जास्त जागेवर जंगल-झाडी, मग भातशेती, खाजनं म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनी, किनारपट्टीचे निर्बंध. बांधायला जागा थोडी आणि बाहेरून येणारा पैसा मोठा. शाळामास्तरीण आणि टॅक्सीवाला यांच्या पगारावर त्या दराची बेरीज बसत नाही.

बँकेत गेलो तेव्हा तर ही बेरीज आणखी लहान झाली. त्या वर्षी व्याज खरंच स्वस्त झालं होतं. रिझर्व्ह बँकेनं २२ मे २०२० ला रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आणला, आणि दिवाळीच्या सुमाराला गृहकर्ज सात टक्क्यांच्या आत मिळू लागलं. सगळे म्हणायचे, असं कर्ज पुन्हा मिळणार नाही. पण स्वस्त कर्ज मिळतं ते ज्याची मिळकत कागदावर शाबूत आहे त्याला. अधिकाऱ्यानं नवऱ्याची आयकर विवरणं पाहिली, चालू वर्षाचा धंदा विचारला, आणि त्याची मिळकत हिशेबातून बाजूलाच ठेवली. मात्र टॅक्सीच्या कर्जाचा हप्ता हिशेबात धरला, तोही आम्ही ऑगस्टपर्यंत मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, घेतलं होतं हे दोनदा विचारून. म्हणजे माझ्या एकटीच्या पगारावर दोन्ही हप्ते. त्यात तीस लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच देते, आणि स्टँप ड्युटी व नोंदणीचे पैसे त्या किमतीत धरत नाही. उरलेला पाचवा हिस्सा आणि हा वरचा खर्च रोख लागतो. माझी भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम, आईच्या बांगड्या आणि मामानं दिलेले थोडे पैसे मिळून तो कसाबसा उभा राहिला. कोणी मंदीत घर घेणार असेल तर दराआधी हा रोख आकडा काढून बघावा.

पहिलं घर पाहिलं ते बांधकाम चालू असलेलं. खरं तर थांबलेलं. मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्यांनी मजूर गावी गेले होते, आणि तिसऱ्या मजल्याच्या सळ्या पावसात गंजत होत्या. बिल्डर मोठ्या अगत्यानं बोलला. दर कमी करायचं नाव काढलं की मात्र हात जोडायचा. पार्किंग फुकट, स्वयंपाकघराचे कपाट-ओटे आमच्याकडून, जीएसटी आम्ही भरू, असं एकेक तो वाढवत गेला. बांधकाम चालू असलेल्या घरावर तेव्हा ५ टक्के जीएसटी होता, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर काहीच नाही. तेव्हा जीएसटीची सूट म्हणजे पन्नास लाखांवर अडीच लाख, ती लहान गोष्ट नव्हे. मी दलालाला विचारलं, मग तो तेवढाच दर का उतरवत नाही? त्यानं खरं सांगितलं. करारात एकदा कमी दर नोंदला गेला की आधी घेतलेले लोक दारात येतात, आणि बँकही उरलेल्या फ्लॅटांची किंमत त्याच दरानं धरते. म्हणून मंदीत बिल्डर दर जागेवर ठेवतो आणि बाकी सगळं देतो. वर्तमानपत्रात "दर स्थिर" छापून येतं त्यामागे हेही असतं.

तो व्यवहार मोडला तो दरावरून नाही. करार नंतर करू, आधी पंचवीस टक्के भरा, असं त्याचं म्हणणं. रेरा या बिल्डरांच्या व्यवहारांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्यात नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे मी त्याच्या टेबलावर बसून सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, म्हापशात सगळे असंच करतात. आम्ही उठलो. २०१४ च्या जानेवारीत काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून जास्त मजूर गेले, ती बातमी माझ्या मनातून कधी गेलेली नाही. कागदाच्या बाबतीत "चालतं" म्हणणारा माणूस सिमेंटच्या बाबतीतही म्हणेल, असं मला वाटतं.

दुसरं घर जुनं, बाजाराजवळ, हवेशीर. वडील वारलेले, आई इथे एकटी, तीन भावंडं, त्यांतला एक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला. इथे गोव्याचा कायदा आडवा येतो, आणि बाहेरून येणाऱ्यांना तो माहीत नसतो. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून असते. तेव्हा विकताना फक्त तिघांची सही पुरत नाही. आई, तीन मुलं आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांनी सही करायची, आणि त्याआधी वारस कोण हे ठरवणारा वारसा-दस्त विशेष नोटरीपुढे व्हायला हवा. मतभेद असतील तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा दावा. इंग्लंडातल्या मुलाचं आणि सुनेचं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीकडून, अपोस्टिल म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का होऊन यायचं, आणि तिथे तेव्हा टाळेबंदी. आई बिचारी रोज विचारायची, "कधी येताय राहायला?" तिला घाई होती, मुलांना नव्हती. त्यांनी सांगितलेल्या आकड्यातून एक रुपया खाली यायला ते तयार नव्हते, आणि त्यांना यायची गरजही नव्हती. ते घर अजून बंद आहे.

तिसरं घर एका तारवट्याचं.

तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, गोव्यात हे सांगावं लागत नाही. क्रूझ बोटी मार्च २०२० मध्ये जगभर थांबल्या आणि गोव्याचे हजारो तारवटी कुठल्या कुठल्या बंदरांवर अडकून महिन्यांनी घरी आले. हा त्यांतला. बोटीच्या स्वयंपाकघरात काम करायचा. काही वर्षांपूर्वी कर्ज काढून म्हापशात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, मुलं शिकायला इथे राहतील म्हणून. त्याला बोटीवर असेल तेव्हाच पगार. मोरेटोरियम ऑगस्टमध्ये संपलं, हप्ते पुन्हा सुरू झाले, आणि बोट काही बोलावेना.

त्या घरात आम्ही चौघं समोरासमोर बसलो होतो. त्याची बायको चहा घेऊन आली. दलालानं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं: माणूस अडलेला आहे, खेचा. बाजाराच्या भाषेत याला संधी म्हणतात. पण समोरच्या खुर्चीवर जो बसला होता, त्याची आणि माझ्या नवऱ्याची परिस्थिती एकच होती. दोघांची रोजीरोटी एकाच महिन्यात, एकाच कारणानं थांबली होती. फरक एवढाच की आमच्या घरात एक सरकारी अनुदानाचा पगार येत होता. परत येताना नवरा म्हणाला, त्यानं घेताना जेवढे दिले त्याच्या खाली आपण मागायचं नाही. मला तो हिशेब पटला. त्यानं घेतलेली किंमत आणि आजूबाजूचे लोक सांगत होते तो दर, यांच्या मधल्या आकड्याला आम्ही ठरवलं. स्वस्त नव्हतं. पण बँक आमच्या पगारावर जेवढं द्यायला तयार होती, त्यात बसत होतं.

कागदांचं काम मी स्वतः अंगावर घेतलं, आणि सांगते, ते कोणावर सोपवू नये. शहरात गावासारखा एक-चौदाचा जमिनीचा उतारा चालत नाही. सिटी सर्व्हेतली नकाशाची पी.टी. शीट आणि मिळकतीचा चलता नंबर काढायचा. जमीन रूपांतराची सनद, पीडीएचा (नियोजन व विकास प्राधिकरणाचा) पूर्णत्वाचा आदेश, नगरपालिकेचा ऑक्युपन्सी दाखला, घरपट्टीच्या पावत्या, सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला. इथे बोजा होताच, त्याच्या बँकेचा. मूळ कागद त्या बँकेत गहाण. आमची बँक म्हणे मूळ कागद दाखवा मग पैसे देऊ, त्याची बँक म्हणे पैसे द्या मग कागद देऊ. शेवटी त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि जमा कागदांची यादी घेतली, आमच्या बँकेनं तेवढ्या रकमेचा धनाकर्ष थेट त्या बँकेच्या नावानं काढला, आणि उरलेली रक्कम दस्ताच्या दिवशी त्याच्या खात्यात. आमच्या बँकेच्या वकिलानं फ्लॅट एकट्या त्याच्या नावावर आहे म्हणून फक्त त्याचीच सही धरली होती. त्याच्या बायकोची सही हवी हे आम्ही दाखवून दिलं. ते वकील बाहेरच्या राज्यातून नवे आलेले होते.

मग कोविडची दुसरी लाट आली. २०२१ च्या मे महिन्यातले दिवस गोव्यात कोणी विसरणार नाही. आमच्या वाड्यावरची दोन माणसं गेली. घर, दर, कर्ज हे शब्द तोंडात घ्यायचीही इच्छा नव्हती. कचेऱ्या बंद, कर्जमंजुरीची मुदत संपत आलेली, ती वाढवून घेतली.

त्याच काळात तारवट्याचा फोन आला. बोटी पुन्हा सुरू होणार होत्या, त्याला बोलावणं येण्याची आशा होती. आणि कोणीतरी त्याला सांगितलं होतं की म्हापशात दर चढलेत, तुला फसवलं. दोन लाख वाढवून द्या, म्हणाला. नवरा रागावला, ठरलेला शब्द म्हणजे शब्द. मला मात्र त्या माणसाचा राग आला नाही. त्यानं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत अडचणीच्या महिन्यात आकडा कबूल केला होता, आणि अडचण सरत असताना तो आकडा त्याला लहान वाटू लागला, हे साहजिक आहे. बरीच बोलाचाली झाली. शेवटी मधे कुठेतरी जुळलं. वाढवलेले पैसे आम्ही टॅक्सी दुरुस्तीला ठेवलेल्यांतून दिले. पावसाळ्यात ऑनलाइन वेळ घेऊन बार्देशच्या सब-रजिस्ट्रारकडे दस्त झाला. दोघं नवरा-बायको तिकडून, दोघं आम्ही इकडून, चौघांचे अंगठे आणि फोटो. पुढे वीज आणि पाण्याचं खातं आणि घरपट्टी नावावर करण्यात दिवाळी उजाडली.

आता त्याच इमारतीतले फ्लॅट आम्ही दिले त्याहून बऱ्याच वरच्या आकड्याला सांगतात. लोक म्हणतात, तुम्ही मंदीत घेतलं, फायद्यात राहिलात. मला हा फायदा कुठे दिसत नाही. राहतं घर आहे, ते विकून जायचं कुठे? वाढलेला दर मला दिसतो तो माझ्या भाच्याच्या बाबतीत. तो इथेच एका औषध कंपनीत नोकरीला आहे, लग्न ठरलंय, आणि जे घर मला २०२१ मध्ये जेमतेम परवडलं ते त्याला परवडत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तेव्हापासून पेडण्यातली आमच्या चुलत्यांची पडीक जागासुद्धा दलाल विचारत येतात, आणि चुलत भावांत त्यावरून बोलणं बंद झालंय.

कर्जाचं म्हणाल तर व्याज रेपोला जोडलेलं होतं. मे २०२२ पासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेपो अडीच टक्क्यांनी चढून ६.५ झाला. वीस वर्षांच्या कर्जावर सात टक्क्यांनी दर लाखाला महिना ७७५ रुपये हप्ता बसतो, नऊ टक्क्यांनी ९००. बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवल्याचं पत्र पाठवलं; ती मुदत माझ्या निवृत्तीच्या पलीकडे जात होती. आम्ही बँकेत जाऊन हप्ता वाढवून घेतला आणि मुदत पूर्वीचीच ठेवली. टॅक्सी तोवर पुन्हा रस्त्यावर आली होती, म्हणून ते जमलं.